वडिलांची बंदूक, वीस हजार ॲडव्हान्स आणि कॅन्टीनमधलं भांडण : एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या कंपनीतलं आहे. सिंधुदुर्गातली एक एमआयडीसी, पावणेदोनशे माणसं, तीन शिफ्ट, आणि मी तिथे एचआर बघते, म्हणजे पगार, हजेरी, पीएफ, भांडणं सगळंच. दोघांनाही विचारून लिहितेय. नावं देत नाही, एकाला तात्या म्हणते, दुसऱ्याला भाऊ, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात.

आधी एक सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला बंदूक म्हटलं की पोलीस नाहीतर गुंड आठवतो. आमच्याकडे तसं नाही. कोकणात, खासकरून सिंधुदुर्गात, बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते, आजोबांपासून चालत आलेली. रानडुकरं, माकडं, अलीकडे गवे. बंदूक बहुतेक वेळा नुसता आवाज काढायला वापरतात, कारण शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ह्या बंदुका मुख्यतः दोन प्रकारच्या. एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायचे. दुसरी काडतुसाची, मागून उघडते, काडतूस घातलं की झालं. परवान्यावर ठासणीच्या एकनळीला एसबीएमएल लिहितात आणि काडतुसाच्या एकनळीला एसबीबीएल. हा एका अक्षराचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तात्या आमचे बॉयलर ऑपरेटर, २९ वर्षं नोकरी, ३१ मार्च २०२५ ला रिटायर होणार होते. त्यांच्याकडे वडिलांची काडतुसाची बारा बोअर एकनळी, वडील गेल्यावर १९९८ मध्ये परवाना त्यांच्या नावावर झालेला. मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन शेजारच्याच गावात. भाऊ मेंटेनन्सला फिटर, वय ३६. दोन एकर भात आणि थोडी काजूची बाग. दोन वर्षं खेपा मारून, पोलीस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वगैरे सगळं करून जून २०२४ मध्ये त्याला शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला होता. परवाना हातात पण बंदूक नाही, आणि परवान्यावर लिहिलेल्या मुदतीत ती घ्यायची असते, त्यामुळे तो शोधातच होता.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला आले. भाऊ भजनी मंडळाबरोबर तात्यांच्या घरी गेला, भजन झालं, उसळ-पाव झाला, आणि भिंतीवरची बंदूक बघून विषय निघाला. तात्या म्हणाले मी आता रिटायर होणार, झिल काय गावाक येवचो नाय, तूच घेऊन टाक. तिथल्या तिथे सौदा ठरला. कागद नाही, साक्षीदार म्हटलं तर अख्खं भजनी मंडळ आणि म्हटलं तर कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी भाऊने मोबाइलवरून १० हजार पाठवले आणि पुढच्या पगाराला १० हजार रोख दिले.

नेमकं काय बिघडलं

सौदा होईपर्यंत दोघांची नियत साफ होती, हे मी आजही ठामपणे सांगेन. बिघडलं ते हळूहळू.

१२ ऑक्टोबरला दसरा. तात्यांनी दरवर्षीसारखी बंदूक पुसली, तेल लावलं, झेंडूचा हार घातला, आपट्याचं पान ठेवलं. पुढे जेव्हा माझ्यासमोर बसून बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं, त्या दिवशीच काहीतरी आत मोडलं, "बापाशीची बंदूक ती, इकूक मन होयना माजा." पण हे त्यांनी भाऊला सांगितलं नाही. शब्द दिलेला, पैसे घेतलेले आणि पैशातले निम्मे घराच्या कौलांवर खर्च झालेले, तर सांगणार कसं.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका जमा करायच्या यादीत तात्यांचं नाव आलं आणि बंदूक पोलीस ठाण्यात गेली. नेमकं तेव्हाच भात कापणीला आलेलं. भाऊच्या शेतात चार रात्रींत डुकरांनी जे काय केलं ते मी स्वतः नंतर फोटोत बघितलं, अर्धा वाफा लोळवलेला. त्याच्या डोक्यात बसलं की पैसे देऊनही आपलं भात गेलं. ह्यात तात्यांचा दोष नव्हता पण राग असा हिशोब करून येत नाही.

निकाल लागून बंदूक तात्यांना परत मिळाली ती डिसेंबरात. भाऊ उरलेले पैसे घेऊन गेला. भाऊच्या म्हणण्याप्रमाणे सौदा ३५ हजारांचा, शिल्लक १२ काडतुसं धरून. तात्या म्हणाले ४५ ठरले होते आणि काडतुसं वेगळी. वर कोणीतरी कॅन्टीनमध्ये पसरवलं की तात्यांना दुसरं ५० चं गिऱ्हाईक आलंय. ते खरं नव्हतं, पण भाऊने खरं मानलं.

जानेवारी २०२५ चा दुसरा आठवडा, फर्स्ट शिफ्ट, जेवणाची सुट्टी. कॅन्टीनमध्ये चाळीसेक माणसं. भाऊ उभा राहून दिलेले पैसे परत मागायला लागला, तात्या म्हणाले तुझ्या बापाचं काय खाल्लंय मी, आणि भाऊ ओरडला, "बंदूक माझ्या नावार होवंदे, मगे दाखयतंय तुमका!"

सगळं थांबलं. सुपरवायझरने दोघांना बाजूला केलं आणि पाच मिनिटांत मला फोन.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी दुपारी प्लांट हेड, युनियनचे सेक्रेटरी आणि मी बसलो. जे पर्याय टेबलावर आले ते जसे आले तसे लिहिते.

पहिला, खाजगी व्यवहार आहे, कंपनीचा संबंध नाही, दोघांना समज देऊन सोडा. प्लांट हेडचा कल इकडेच होता आणि इतर कुठल्याही देण्याघेण्यात मीही हेच म्हटलं असतं, भिशीचे पैसे, जुनी बाईक, उसनवारी ह्यात आम्ही पडत नाही. पण इथे चाळीस माणसांसमोर, कामाच्या वेळेत, बंदुकीचं नाव घेऊन धमकी दिली गेली होती. ते शब्द बोलले गेल्यावर प्रकरण खाजगी राहत नाही.

दुसरा, ताबडतोब पोलीस. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, आणि शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक शांततेला धोका वाटला तर परवाना रद्द करता येतो. म्हणजे तक्रार गेली असती तर भाऊचा दोन वर्षं खेपा घालून मिळवलेला परवाना जाण्याची पूर्ण शक्यता. युनियन सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, मॅडम, रागात बोललाय, पोरगा वाईट नाही.

तिसरा पर्याय भाऊने स्वतःच दुपारी माझ्या केबिनमध्ये येऊन मांडला. तात्या मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यांच्या फायनल सेटलमेंटमधून माझे २० हजार कापून मला द्या. ऐकायला सरळ वाटतं, प्लांट हेडलाही पटलं. मी नाही म्हणाले. पगारातून काय कापता येतं ते तेव्हा लागू असलेल्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टच्या कलम ७ मध्ये ठरवून दिलं होतं, सहकाऱ्याचं खाजगी देणं त्यात बसत नव्हतं. आणि ग्रॅच्युइटी तर तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कोर्टाच्या डिक्रीतसुद्धा जप्त होत नव्हती, तिथे आम्ही कोण. २९ वर्षं बॉयलरसमोर उभं राहिलेल्या माणसाच्या ग्रॅच्युइटीला एका तोंडी तक्रारीवर हात लावायचा हे मला कायद्याशिवायही मान्य नव्हतं. भाऊला राग आला, पण मी कलम वाचून दाखवलं आणि तो गप्प झाला.

चौथा, गावची तंटामुक्त समिती. दोघांची गावं वेगळी, दोन्हीकडच्या समित्या अलीकडे फारशा बसत नाहीत, आणि गावात गेलं की पैशापेक्षा मान मोठा होतो. सोडून दिला.

पाचवा आला संध्याकाळी साडेसातला, फोनवर, खुद्द तात्यांकडून. आणि हाच सगळ्यात जास्त गोड होता.

ती एक रात्र

तात्या म्हणाले, मॅडम, माका भांडण नको. पोरगो म्हणता तर पस्तिसाक देतंय. "बंदूक आजच घेवन जांवदे, कागद मगे करूया." त्यांनी भाऊलाही फोन करून तेच सांगितलं होतं आणि भाऊ लगेच तयार झाला होता, रात्री नऊला बाईक घेऊन निघणार होता.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. सुटकेचा श्वास. दिवसभराचं ओझं उतरलं असं वाटलं. दोघं राजी, पैसे मिटले, धमकी विरली, उद्या प्लांट हेडला सांगायचं की समजुतीने मिटवलं. आमच्या कामात समजुतीने मिटणं हीच यशाची व्याख्या आहे. बाईक विकताना लोक असंच करतात ना, गाडी आज घेऊन जा, नाव मागाहून ट्रान्सफर, सहा-सहा महिने दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवतात. मी तात्यांना "बघा तुम्हाला बरं वाटत असेल तर" असं काहीतरी बोलून फोन ठेवला. म्हणजे जवळजवळ होच म्हटलं.

पंधरा-वीस मिनिटांनी भाकऱ्या करता करता मला एकदम भाऊचे कॅन्टीनमधले शब्द आठवले, "माझ्या नावार होवंदे". म्हणजे बंदूक नावावर व्हावी लागते हे त्याला माहीत होतं. मग आज रात्री ती कोणाच्या नावावर असणार? मी परत फोन केला आणि तात्यांना सांगितलं, आज बंदूक घराबाहेर काढायची नाही, तात्या, माझ्यासाठी एक रात्र थांबा. भाऊला फोन लागेना. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्याच्या बायकोने उचलला, तो अंगणात बाईक बाहेर काढत होता. मी म्हटलं, भाऊ, आज जाऊ नकोस, तुझ्याच भल्याचं सांगतेय, उद्या सकाळी ओरिजिनल परवाना घेऊन ये. तो नाराज झाला पण थांबला. तात्यांनाही परवान्याचा फोटो पाठवायला सांगितला.

त्या रात्री मी पहिल्यांदा शस्त्र कायदा १९५९ उघडून वाचला. त्यातलं कलम ५. स्वतःच्या वापराची बंदूक परवानाधारक माणसाला विकता येते, त्यासाठी दुकानदाराचं लायसन्स लागत नाही, हे बरोबर आहे. पण आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, मी ही वस्तू ह्या नावाच्या, ह्या पत्त्यावरच्या माणसाला विकणार आहे. आणि कळवल्यापासून ४५ दिवस गेल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. काडतुसांनाही हाच नियम. गणपतीपासून जानेवारीपर्यंत चार महिने झाले होते आणि ते पत्र कोणी दिलंच नव्हतं. म्हणजे ४५ दिवसांतला एकसुद्धा दिवस मोजायला सुरुवात झाली नव्हती.

आणि शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून विक्री केली तर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. विनापरवाना जवळ बाळगली तर २ ते ५ वर्षं. मी हे रात्री अकराला वाचत होते आणि मला भीती वाटत होती, कारण साडेतीन तासांपूर्वी मी दोन साध्या माणसांना त्याच्यात ढकलून मोकळी होणार होते, आणि वर त्याला तडजोड म्हणणार होते.

परवाने वाचले तेव्हा

सकाळी दोन परवाने शेजारी ठेवले. ह्यात मला काही विशेष कळत होतं असं नाही, फक्त शांतपणे वाचले, जे चार महिन्यांत कोणीच केलं नव्हतं.

तात्यांचा परवाना ३१ डिसेंबर २०२४ ला संपला होता. विकायचीच आहे तर रिन्यू कशाला, असा त्यांचा हिशोब. म्हणजे गेले काही दिवस ती बंदूक त्यांच्याही घरात बेकायदाच होती. आणि कलम ५ मध्ये शब्द आहे, जी वस्तू कायदेशीरपणे जवळ आहे ती. म्हणजे त्या घडीला ते ४५ दिवसांचं पत्र देऊनसुद्धा विकू शकत नव्हते.

भाऊच्या परवान्यावर शस्त्राच्या रकान्यात लिहिलं होतं एसबीएमएल. ठासणीची.

मी तीनदा वाचलं, मग भाऊला दाखवलं. शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचाच परवाना द्यायचा असं कायद्यातच आहे, तेवढी पुरणार नाही असं अधिकाऱ्यांना पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते, पण ते परवान्यावर तसं लिहून यायला लागतं. भाऊने ट्रेनिंग झालं, परवाना आला, एवढंच बघितलं होतं, रकाना वाचलाच नव्हता. तात्यांची बंदूक काडतुसाची. म्हणजे हा सौदा गणपतीच्या त्या रात्रीसुद्धा होऊ शकत नव्हता. ३५ की ४५, काडतुसं धरून की सोडून, ह्या ज्या गोष्टीवरून माणसं एकमेकांच्या बापापर्यंत गेली, ती गोष्ट मुळात अस्तित्वातच नव्हती.

भाऊ खुर्चीत बसूनच राहिला. म्हणाला, म्हणजे काल रात्री मी घेऊन आलो असतो तर? मी म्हटलं, हो.

काय केलं

पहिलं काम बंदूक तात्यांच्या घरातून काढणं. परवाना संपला की शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं असतं, कलम २१. तात्या घाबरले, पोलीस मला आत टाकतील, बंदूक जप्त होईल. मी आधी ठाण्यात फोन केला, सगळं खरं सांगितलं, मुदत कधी संपली, का राहिली, आता जमा करायला येतोय. मग युनियन सेक्रेटरी, तात्या आणि मी कंपनीच्या गाडीने गेलो, बंदूक रिकामी, काडतुसं मोजून वेगळ्या पिशवीत. तिथल्या हवालदारांनी उशिराबद्दल झापलं, लेखी खुलासा घेतला, पंचनाम्यासारखी नोंद केली आणि पावती दिली. ती पावती हातात आल्यावर मला जरा हलकं वाटलं.

ह्याच कलम २१ मध्ये अजून एक गोष्ट आहे जी बऱ्याच लोकांना माहीत नसते. जमा केलेली वस्तू मालकाची राहते. ठरलेल्या मुदतीत परवाना नीट करून ती परत घेता येते, किंवा जमा असतानाच हक्काच्या परवानाधारकाला विकून पैसे घेता येतात. मुदत घालवली तर मात्र सरकारजमा होऊ शकते. तात्यांना हे समजावल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

दुसरं, भाऊचे शब्द. त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला, चार साक्षीदारांचे जबाब घेतले, वेगवेगळे बसवून. आधी कधी हात उचललाय का, दारू पिऊन कामावर आलाय का, त्याच्या हाताशी दुसरं शस्त्र आहे का, हे विचारलं. तिन्हीचं उत्तर नाही. लेखी ताकीद दिली, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या केल्या, आणि त्याला स्पष्ट सांगितलं की परत असा एक शब्द ऐकला तर मी त्याच तासाला ठाण्यात फोन करणार, कोणाचं ऐकणार नाही.

तिसरं, पैसे. दोघांना समोरासमोर न बसवता आधी वेगवेगळं भेटले, आणि तेव्हाच तात्यांनी ते दसऱ्याचं सांगितलं. ४५ चा आकडा कुठून आला तेही कळलं. भाऊने स्वतःच नको म्हणावं म्हणून वाढवलेला आकडा होता तो. मी विचारलं, तात्या, मग सरळ सांगितलं का नाही. ते म्हणाले, शब्द फिरवणारो असा नाव नको होता. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, शब्द फिरवल्याचं नाव नको म्हणून माणूस खोटं बोलला आणि त्या खोट्यापायी चोर ठरला.

मग करार केला. विक्रीचा नाही, व्यवहार रद्द झाल्याचा आणि पैसे परत करण्याचा. तेव्हा नुकताच १०० चा स्टॅम्प पेपर बंद होऊन ५०० चा झाला होता, तो खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला. तात्यांनी २० हजार घेतल्याचं मान्य केलं, रोख १० हजारांची पावती नव्हती तरी त्यांनी ते नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. ५ हजारांचे चार हप्ते, जानेवारी ते एप्रिल, सगळे बँकेतून. कंपनी ह्यात पक्षकार नाही, मी फक्त साक्षीदार.

शेवट काय झाला

चारही हप्ते वेळेत गेले, शेवटचा रिटायरमेंटनंतर, तात्यांनी स्वतः बँकेत जाऊन भरला.

ओरोसला कलेक्टर ऑफिसच्या परवाना शाखेत तात्या मुलीला घेऊन गेले, रिन्यूअलचा उशिराचा अर्ज खुलाशासकट दिला. तिथेच त्यांना कळलं की बंदूक २५ वर्षांहून जास्त काळ आपल्या नावावर असेल तर हयातीतच कायदेशीर वारसासाठी परवान्याचा अर्ज करता येतो, शस्त्र नियम २०१६ मध्ये तशी सोय आहे. १९९८ पासून त्यांच्याकडे, म्हणजे २६ वर्षं झालेली. मुलगी शेजारच्याच गावात, बाग तीच बघते. परवाना रिन्यू व्हायला पाच महिने गेले, आता मुलीच्या नावाचा अर्ज चालू आहे. ह्या एका माहितीने हे सगळं गणपतीतच टळलं असतं.

भाऊने परवान्यावरचा शस्त्राचा प्रकार बदलून मिळावा म्हणून अर्ज केलाय, त्याचं अजून झालेलं नाही. भात २०२५ लाही डुकरांनी खाल्लं. त्याचा प्रश्न सुटला असं मी म्हणू शकत नाही.

दोघं बोलतात का? तात्यांच्या निरोप समारंभाला भाऊ आला होता, मागे उभा राहिला, पाया पडायला पुढे आला तेव्हा तात्यांनी डोक्यावर हात ठेवला पण बोलले काही नाहीत. त्यानंतरच्या गणपतीला तो भजनाला गेला नाही.

आता वेगळं काय करेन

पहिल्याच तासात दोघांचे परवाने मागेन. पैसे कोणी किती दिले हे विचारण्याआधी. आम्ही पूर्ण दुपार पैशाची चर्चा केली आणि कागद रात्री आठवले.

धमकीची माहिती त्याच दिवशी ठाण्याला देईन, तक्रार नाही तरी नोंद म्हणून. मी भाऊचा परवाना जाऊ नये म्हणून थांबले आणि नशिबाने काही झालं नाही, पण बंदुकीचं नाव निघालेलं असताना धोका किती हे ठरवायचा अधिकार एचआरच्या केबिनमध्ये नसतो. युनियन सेक्रेटरींचं ह्यावर आजही वेगळं मत आहे, त्यांच्या मते पोलिसांत गेलो असतो तर एक तरुण माणूस आयुष्यातून उठला असता. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, तरी मी कळवेनच.

आणि एक गोष्ट जी मला अजून रात्री आठवते. त्या दुपारी आम्ही तिघंही भाऊकडे बघत होतो, कारण ओरडला तो. पण भाऊकडे बंदूक नव्हती. बंदूक आणि १२ काडतुसं होती तात्यांच्या घरी, आणि तात्या होते चाळीस माणसांसमोर अपमान झालेले, घाबरलेले, पैशाने अडकलेले, अडीच महिन्यांवर रिटायरमेंट आलेले. त्यांना मी दुपारी तीनला "घरी जा, आराम करा" म्हणून हाफ डे देऊन एकटं घरी पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते अंगणात बसून होते, पाणीसुद्धा घेतलं नाही, हे काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, मला खूप नंतर सांगितलं. त्यांना घरी सोडायला कोणीतरी बरोबर जायला हवं होतं, आणि बंदूक त्याच दुपारी ठाण्यात जायला हवी होती.